पायलट हस्तसंगणकाची अंतर्गत रचना

पायलट हा पाम कॉम्प्युटिंग या अमेरिकन कंपनीने विकसित केलेला, तळहातावर मावणारा संगणक होय. तो मार्च १९९६ मध्ये बाजारात आला. नेमणुका, पत्ते, कामांच्या याद्या व टिपणे यांची नोंद ठेवणे हा त्याचा मुख्य उपयोग होता. हे उपकरण अल्प साधनांनिशी उघडता येते आणि त्याचे घटक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. त्यामुळे लहान संगणकाची रचना समजून घेण्यासाठी ते सोयीचे उदाहरण ठरते.

== पार्श्वभूमी ==

पाम कॉम्प्युटिंगची स्थापना जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये केली. उपकरणाचा आकार ठरवताना हॉकिन्स खिशात मावेल असा लाकडी ठोकळा जवळ बाळगत व तो संगणकच आहे असे समजून वापरून पाहत. सुरुवातीला १२८ किलोबाइट स्मृतीचे 'पायलट १०००' आणि ५१२ किलोबाइट स्मृतीचे 'पायलट ५०००' अशी दोन प्रारूपे निघाली. १९९७ मध्ये 'पामपायलट' या नावाची सुधारित प्रारूपे आली.

== पूर्वतयारी ==

पायलटमधील वापरकर्त्याच्या सर्व नोंदी रॅम या अस्थायी स्मृतीत राहतात. विद्युत् पुरवठा तुटला की त्या पुसल्या जातात. घट बदलताना मंडलातील एक धारित्र सुमारे एक मिनिटापुरती स्मृती जिवंत ठेवते. परंतु उपकरण सुटे करण्यास हा अवधी पुरत नाही. म्हणून उघडण्यापूर्वी नोंदींची प्रत मेजावरील संगणकावर उतरवून घेणे आवश्यक असते. ही प्रत नसल्यास उपकरण पुन्हा सुस्थितीत जोडले गेले, तरी त्यातील नोंदी परत मिळत नाहीत.

दुसरा धोका स्थिर विद्युतेचा असतो. माणसाला जाणवतही नाही इतक्या विद्युत् विसर्जनाने एकात्मिक मंडले निकामी होऊ शकतात. यासाठी भूसंपर्कित धातूला स्पर्श करून हातावरील विद्युत् भार काढून टाकतात व मंडलफलक केवळ कडांनी धरतात. लहान स्क्रू-ड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी, चिमटा आणि स्क्रू क्रमाने ठेवण्यासाठी कप्प्यांची डबी एवढी साधने पुरतात.

== उघडण्याचा क्रम ==

प्रथम दोन्ही घट काढतात. मागील बाजूच्या वरच्या भागात एक सरकते झाकण असते. त्याखाली स्मृतिपत्र बसवलेले असते व ते खाचेतून अलगद बाहेर काढता येते. त्यानंतर मागील कवचाचे स्क्रू सोडवतात. दोन्ही कवचे सांध्यावर एकमेकांत अडकलेली असतात; त्या सांध्यात प्लॅस्टिकची पट्टी घालून ती हळूहळू विलग करतात. धातूचे टोक वापरल्यास कवचावर ओरखडे उमटतात. पडदा मंडलफलकाला चपट्या, लवचीक पट्टीने जोडलेला असतो. कवच झटक्याने ओढल्यास ही पट्टी फाटण्याची शक्यता असते.

== प्रमुख घटक ==

'''प्रोसेसर''' : मंडलफलकावरील ठळक दिसणारी चौकोनी चिप म्हणजे मोटोरोला कंपनीचा 'ड्रॅगनबॉल' प्रोसेसर. त्याची गती सुमारे १६ मेगाहर्ट्झ असते. पडद्याचे नियंत्रण, घड्याळ आणि अनुक्रमी संदेशवहन ही कामेही याच चिपमध्ये सामावलेली असल्याने फलकावर चिपांची गर्दी दिसत नाही.

'''स्फटिक''' : प्रोसेसरला ३२.७६८ किलोहर्ट्झ वारंवारतेचा स्फटिक जोडलेला असतो. ३२,७६८ ही संख्या दोनचा पंधरावा घात असल्याने तिला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मोजता येतो. प्रोसेसरची उच्च वारंवारताही याच स्पंदनांपासून मिळवली जाते.

'''स्मृतिपत्र''' : रॅम आणि कार्यप्रणाली साठवणारी रॉम या दोन्ही एकाच सुट्या पत्रावर असतात. त्यामुळे केवळ पत्र बदलून जुन्या पायलटला पुढील आवृत्तीची कार्यप्रणाली व अधिक स्मृती देता येत असे.

'''पडदा व स्पर्शपटल''' : १६० × १६० बिंदूंच्या द्रव-स्फटिक पडद्यावर पारदर्शक स्पर्शपटल असते. त्यात विद्युत्-वाहक लेप दिलेले दोन थर सूक्ष्म अंतरावर ठेवलेले असतात. लेखणीच्या दाबाने ते एका बिंदूपाशी टेकतात व तेथील विभवावरून त्या बिंदूचे स्थान ठरते. पडदा सुटा केल्यावर स्पर्शपटल त्याहून लांब असल्याचे दिसते. अक्षरे लिहिण्याची खालची चौकट हा वेगळा भाग नसून याच पटलाचा विस्तार असतो.

'''विद्युत् पुरवठा''' : 'एएए' आकाराचे दोन घट मिळून सुमारे ३ व्होल्ट विभव देतात व वापरानुसार ते घटत जाते. तारेचे वेटोळे असलेले एक मंडल ते वाढवून स्थिर करते. जुन्या उपकरणांत बिघाड बहुधा येथेच आढळतो : अल्कली घट पाझरून संपर्कपट्ट्यांवर पांढरा क्षार साचतो. तो सौम्य व्हिनेगरने काढून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ व कोरडी करतात.

== पुढील रचनांशी तुलना ==

फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या 'पाम ५' या प्रारूपात धातूचे पातळ कवच स्क्रूऐवजी गोंदाने जोडले होते. उपकरण सुमारे १० मिलिमीटर इतके सडपातळ झाले. मात्र ते उघडण्यासाठी कवच तापवून गोंद मऊ करावा लागे. आतील पुनर्भारणीय लिथियम-आयन घट वापरकर्त्याला सहज बदलता येत नसे. पायलटमध्ये दुकानातून दोन घट आणले की काम भागत असे. येथे मात्र घटाचे आयुष्य हेच उपकरणाचे आयुष्य ठरू लागले. तापवताना लिथियम-आयन घटाला उष्णता किंवा टोकदार अवजार लागल्यास तो पेट घेऊ शकतो.

सडपातळपणा आणि दुरुस्तीची सोय यांतील हा पेच पुढे स्मार्टफोनमध्येही कायम राहिला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या विद्युत् घटविषयक नियमानुसार, काही अपवाद वगळता, सुवाह्य उपकरणांतील घट १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता येणे बंधनकारक आहे.

== हे सुद्धा पहा ==

* द्रव-स्फटिक पडदा
* स्पर्शपटल
* ई-कचरा