झाळलेले आणि खाचेतले

गेल्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप घेऊन मी परभणीतील एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. बारावीच्या वर्षी वडिलांनी कापसाच्या पैशांतून तो जुना घेऊन दिला होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. घेताना काय विचारावे हे कोणास ठाऊक? “रॅम चार जीबी आहे, पुढे वाढवता येईल,” असे विकणारा म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. आता शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला की दुसरे काही उघडत नाही. कारागिराने पाठ काढून आतले दाखवले. “ताई, याला खाचच नाही. रॅम बोर्डावरच झाळलेली आहे.”

घागरीला भोक पडले की ती झाळून घेतात, हे आपण पाहिले आहे. येथे तेच काम, पण फार बारीक. डीडीआर-४ जातीच्या सुट्या रॅमच्या पट्टीला 260 सोनेरी दाते असतात. ती खाचेत तिरकी सरकवून खाली दाबली की काम झाले. झाळलेल्या चिपच्या पोटाखाली मात्र कथिलाचे मणी असतात. ती काढायची तर गरम हवेने ते वितळवावे लागतात. जुनी कथिल-शिशाची झाळ 183 अंश सेल्सिअसला वितळे. 2006 पासून युरोपने शिशावर निर्बंध घातल्यावर बिनशिशाची झाळ रूढ झाली. तिला सुमारे 217 अंश लागतात. तेवढ्या धगीत शेजारचे भागही करपू शकतात. म्हणून लहान दुकानदार या कामास हात लावत नाही, आणि त्याला मी दोष देत नाही.

परंतु झाळणे ही मुळात लबाडी नव्हे. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची तार तापून तापून जळे, म्हणून तो खाचेत खोचलेला असे. 1947 साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तो सहसा जळत नाही, म्हणून पुढे तो झाळूनच बसवू लागले. थोडक्यात, जे झिजते ते सुटे आणि जे टिकते ते पक्के, असा हिशेब होता.

रॅमही सहसा जळत नाही. ती पुरेनाशी होते, हीच अडचण! कमी विजेवर चालणारी रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ झाळली की संकेत नीट पोहोचतात, जाडीही वाचते. 2008 च्या मॅकबुक एअरमध्येही रॅम झाळलेलीच होती. मात्र डिसेंबर 2023 मध्ये जेडेक संस्थेने स्क्रूने बसणाऱ्या नव्या पट्टीचे मानक जाहीर केले. तीवर ही कमी विजेची रॅमही बसते, त्यामुळे ती सबब आता दुबळी झाली आहे.

बॅटरी आणि साठवणीच्या चिप यांचे मात्र मला मुळीच पटत नाही. दोन्ही वापराने झिजतात, तरी एक डिंकाने चिकटवतात, दुसरी कित्येकदा झाळतात. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्यास स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले आहे. जुना लॅपटॉप घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनी दुकानदाराच्या शब्दावर न जाता त्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहावी. रॅमला खाच आहे की नाही हे तीत बहुधा दिलेले असते.

माझ्या लॅपटॉपात डिस्कची खाच मात्र निघाली. कारागिराने फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली. आता तो लवकर सुरू होतो, अर्जही भरून झाला. दुसरी खिडकी उघडली की अजून अडतो.