नांगरामागच्या पोराचे बायबल

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा आम्ही बोनस, पगारवाढ किंवा कंत्राटी पद्धती यांपैकी काहीतरी निवडू, अशी त्यांची अपेक्षा असावी. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने सोळाव्या शतकातील एका इंग्रज बायबल-पंडितावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. म्हणून या विषयाकडे आम्ही कसे वळलो, ते आधी सांगितले पाहिजे.

आम्ही नवे कार्यकर्ते असताना एका कारखान्यात करार झाला. करार इंग्रजीत होता आणि आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यवस्थापनाच्या माणसाने एकेक कलम मराठीतून सांगितले. रात्रपाळीचा भत्ता ‘दिला जाईल’ असे आम्ही ऐकले आणि सही केली. सहा महिने भत्ता मिळाला, सातव्या महिन्यात बंद झाला. मजकूर वकिलाकडे नेला तेव्हा कळले, की त्या कलमाचा अर्थ ‘देता येईल’ एवढाच होता. देणे न देणे मालकाच्या मर्जीवर होते. ज्यांच्या वतीने सही केली ती माणसे आमच्याकडे पाहत होती आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्रीपासून आम्ही शब्दकोश घेऊन बसू लागलो. पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात विल्यम टिंडलचे एक चरित्र हाती लागले. चाचपडत वाचले, आणि लक्षात आले की या माणसाचा प्रश्न आमचाच आहे. ज्या मजकुरावर माणसाचे जगणे अवलंबून, तो त्याला स्वतःला वाचता यावा की नाही? आणि येत नसेल, तर अर्थ सांगणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता जाते?

टिंडलचा जन्म १४९४ च्या सुमारास इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात झाला. ऑक्सफर्डला शिकून १५१५ मध्ये तो एम. ए. झाला. त्या काळी इंग्लंडातील देवळांत उपासना लॅटिन भाषेत चाले आणि बायबलही लॅटिनच वाचले जाई. शेतकऱ्याला, विणकऱ्याला त्यातले अक्षर कळत नसे. वायक्लिफच्या अनुयायांनी चौदाव्या शतकात हस्तलिखित इंग्रजी बायबले फिरवली होती, तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी १४०९ च्या सुमारास नियम केला, की बिशपच्या परवानगीवाचून शास्त्राचे इंग्रजी भाषांतर कोणी करू नये व वाचू नये. शेजारच्या जर्मनीत छापील जर्मन बायबल १४६६ पासून मिळत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे इंग्लंडातील बंदीचा कडकपणा समजतो. १५१६ मध्ये इरॅस्मस या पंडिताने नव्या कराराचा मूळ ग्रीक पाठ छापला, आणि लॅटिनला वळसा घालून मुळापर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली.

टिंडल एका जमीनदाराच्या मुलांचा शिक्षक होता. त्या घरी आसपासचे धर्मगुरू जेवायला येत आणि वाद रंगत. जॉन फॉक्स या चरित्रकाराने एक प्रसंग नोंदवला आहे. देवाच्या नियमावाचून चालेल, पण पोपच्या नियमावाचून चालणार नाही, असे एक विद्वान गृहस्थ बोलून गेले. टिंडलने उत्तर दिले, की देवाने आयुष्य दिले तर नांगरामागे चालणाऱ्या पोराला मी तुमच्याहून अधिक शास्त्र कळेल असे करीन. पुढची सर्व वर्षे तो हे एकच वाक्य खरे करीत होता.

१५२३ मध्ये तो लंडनला बिशप टन्स्टॉल यांच्याकडे गेला. बिशप विद्वान होते, इरॅस्मसचे स्नेही होते. परवानगी आणि आश्रय दोन्ही तेथे मिळतील, अशी त्याची आशा होती. आमच्या घरात जागा नाही, असे उत्तर मिळाले. आसरा दिला तो मनमथ नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने. आपले काम लंडनमध्येच काय, साऱ्या इंग्लंडात होणार नाही, हे टिंडलने ओळखले आणि १५२४ मध्ये तो जर्मनीकडे निघून गेला. मायदेशाचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही.

१५२५ मध्ये कोलोन शहरी छपाई सुरू झाली. तेथे कोख्लेउस नावाचा एक विरोधी पंडित स्वतःचे पुस्तक छापून घेत होता. छापखान्यातील कामगार फुशारकीने काही बोलून गेले, ते त्याने ऐकले. त्याने त्यांना घरी बोलावले, द्राक्षमद्य पाजले आणि गुपित काढून घेतले, की तीन हजार इंग्रजी प्रती निघत असून पैसा इंग्रज व्यापाऱ्यांचा आहे. कामगारांकडून बातमी काढण्याचा हा उपाय आजही जुना झालेला नाही. अधिकाऱ्यांची धाड येण्यापूर्वी टिंडल आणि त्याचा सोबती छापलेले कागद घेऊन ऱ्हाईन नदीतून नावेने व्होर्म्सला निसटले. १५२६ मध्ये तेथे संपूर्ण नवा करार छापून निघाला. मूळ ग्रीकवरून केलेला तो पहिला छापील इंग्रजी नवा करार. आकाराने लहान, खिशात मावेल असा. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागल्या. त्या आवृत्तीच्या आज फक्त तीन प्रती शिल्लक आहेत.

टन्स्टॉलने त्या वर्षी लंडनमध्ये पुस्तकांची होळी केली. हॉल हा तत्कालीन इतिहासकार गंमत सांगतो, की बिशपने पुढे एका व्यापाऱ्यामार्फत प्रती विकत घेऊन जाळण्याचा घाट घातला. तो व्यापारी टिंडलच्या ओळखीचा निघाला. बिशपला पुस्तके मिळाली, टिंडलला पैसे मिळाले, आणि त्या पैशांतून सुधारलेली नवी आवृत्ती निघाली.

आता वादाच्या गाभ्याकडे वळू. एका भाषांतरासाठी एवढा आकांत का? कारण टिंडलने काही शब्द बदलले होते. ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’ असा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ जमलेला समुदाय. आजवर त्याचा अर्थ चर्च, म्हणजे बिशप, पोप आणि त्यांची सारी व्यवस्था असा घेतला जाई. टिंडलने तेथे ‘काँग्रिगेशन’, म्हणजे मंडळी, हा शब्द घातला. ‘प्रेस्बिटेरोस’ याचे भाषांतर त्याने पुरोहित असे न करता ‘वडील माणूस’ असे केले. ‘अगापे’ या शब्दासाठी दानधर्माकडे झुकणारा ‘चॅरिटी’ सोडून साधे ‘प्रेम’ घेतले. लॅटिन पाठातून ‘प्रायश्चित्त करा’ असा बोध होई, तेथे त्याने मूळ ‘मेटानोइया’ धरून ‘पश्चात्ताप करा’ असे लिहिले. प्रायश्चित्त म्हटले की ते सांगणारा पुरोहित आला, विधी आला, पुष्कळदा पैसाही आला. पश्चात्ताप माणूस एकटा करू शकतो. चार शब्द बदलले आणि मधल्या माणसाची गरजच संशयास्पद ठरली.

हे ज्यांनी अचूक ओळखले ते सर थॉमस मोर. त्यांनी १५२९ मध्ये टिंडलविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, टिंडलने १५३१ मध्ये उत्तर दिले, मोरनी पुन्हा प्रत्युत्तर दिले. मोर यांना आम्ही खलपुरुष मानीत नाही. त्यांचे म्हणणे असे होते, की शब्दाचा अर्थ नुसत्या कोशात नसतो, शतकानुशतके तो वापरणाऱ्या समाजात असतो, आणि तो समाज मोडला तर प्रत्येकजण आपला अर्थ काढील व समाजाची शकले होतील. ही भीती पोकळ नव्हती. पुढे ती बरीचशी खरी ठरली. स्वतः मोरही आपल्या विवेकासाठी १५३५ मध्ये त्याच राजाच्या हुकुमाने मेले. परंतु टिंडलचा प्रश्न त्याने सुटत नाही. समाज एक राहावा म्हणून त्यातल्या बहुसंख्यांनी निरक्षर राहावे काय?

हा वाद चालू असताना टिंडल अँटवर्प बंदरात राहत होता. हिब्रू शिकून त्याने जुन्या करारातील पहिल्या पाच पुस्तकांचे भाषांतर १५३० मध्ये प्रसिद्ध केले. फॉक्स त्याची तेथील दिनचर्या सांगतो. आठवड्यातले दोन दिवस तो स्वतःसाठी ठेवी. सोमवारी इंग्लंडातून पळून आलेल्या निर्वासितांना भेटे. शनिवारी शहराच्या कानाकोपऱ्यांत हिंडून म्हातारे, आजारी आणि लेकुरवाळी गरीब कुटुंबे शोधून काढी आणि व्यापाऱ्यांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांना मदत करी. रविवारी व्यापाऱ्यांच्या खोलीत बसून शास्त्र वाचून दाखवी. ही त्याची विश्रांती. १५३१ मध्ये राजाचा एक दूत त्याला गावाबाहेर भेटला आणि परत चलण्याची विनंती त्याने केली. टिंडलने एकच अट घातली, की राजाने कोणाच्याही भाषांतराचे नुसते शास्त्र लोकांच्या भाषेत प्रसिद्ध होऊ द्यावे. मग मी लिहिणे बंद करतो आणि राजाच्या पायाशी येतो, मिळेल ती शिक्षा भोगतो. स्वतःच्या नावाचा आग्रह त्याने धरला नाही, ही गोष्ट संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी जपण्यासारखी आहे.

१५३५ च्या मे महिन्यात हेन्री फिलिप्स नावाच्या एका इंग्रज तरुणाने त्याच्याशी मैत्री जोडली, त्याच्याकडून पैसे उसने घेतले आणि त्याच दिवशी त्याला शिपायांच्या हाती दिले. ब्रसेल्सजवळच्या व्हिलव्होर्डे किल्ल्यात तो वर्षाहून अधिक काळ कैदेत होता. तेथून त्याने लॅटिनमध्ये लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. थंडी फार आहे, डोक्याला सतत सर्दीचा त्रास होतो, म्हणून जप्त केलेल्या सामानातली गरम टोपी द्यावी. अंगरखा विरला आहे, ठिगळाला कापड द्यावे. संध्याकाळी एकट्याने अंधारात बसणे कंटाळवाणे होते, दिवा मिळावा. आणि सर्वांत अधिक म्हणजे हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश द्यावा. मरण समोर दिसत असता शब्दकोश मागणारा हा माणूस आहे. १५३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला खांबाला बांधून गळा आवळण्यात आला आणि प्रेत जाळण्यात आले. राजाचे डोळे उघडावेत, अशी त्याची शेवटची प्रार्थना होती, असे फॉक्स लिहितो.

तीनच वर्षांत, १५३९ मध्ये, त्याच राजाच्या आज्ञेने प्रत्येक देवळात इंग्रजी बायबल ठेवले गेले. त्यातला मोठा भाग टिंडलचा होता. त्याचे नाव मात्र वर नव्हते. एवढ्याने लढाई जिंकली असे कोणी समजू नये. १५४३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, की सामान्य स्त्रिया, कारागीर, उमेदवार, रोजंदारीवरचे कामगार, शेतकरी आणि मजूर यांनी बायबल वाचू नये. नांगरामागच्या पोराचे नाव कायद्यात जवळजवळ जसेच्या तसे आले! हा कायदा १५४७ मध्ये रद्द झाला. पुढे १६११ चे सुप्रसिद्ध भाषांतर झाले, त्यातही टिंडलचीच वाक्ये जागोजाग आहेत. परंतु भाषांतरकारांना राजा जेम्सने दिलेल्या नियमांत स्पष्ट लिहिले होते, की ‘चर्च’ हा जुना शब्द ठेवावा, त्या जागी ‘काँग्रिगेशन’ घालू नये. वाक्ये घेतली, शब्द नाकारला. सत्ताधाऱ्यांना शब्दांची किंमत नेहमीच नीट कळते.

हे वाद संपलेले नाहीत. पौलाच्या रोमकरांस पत्रात ‘युनिया’ हे नाव येते. ती व्यक्ती प्रेषितांत नामांकित होती, असे तेथे म्हटले आहे. १९४६ च्या एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने तिला पुरुष ठरवले. त्याच परंपरेतील १९८९ च्या भाषांतराने ती स्त्री असल्याचे मान्य केले. दुसऱ्या काही भाषांतरांचे म्हणणे, की ती प्रेषितांत नव्हे, प्रेषितांना माहीत होती. स्त्रीने धर्मगुरू व्हावे की नाही, हा वाद यांसारख्या शब्दांशी येऊन ठेपतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा १९९४ मध्ये मिळाली आणि पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली. कॅथलिक चर्चने मात्र १९९४ मध्येच स्त्रियांना पुरोहितपद देता येत नाही, असे जाहीर केले. प्रभूच्या प्रार्थनेत देवच आम्हांला मोहात नेतो असा अर्थ निघतो, ते बरोबर नाही, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये म्हटले आणि पुढे इटालियन प्रार्थनेचे शब्द बदलण्यात आले.

आपल्या मराठीतही हीच कथा आहे. प्रॉटेस्टंटांच्या मराठी बायबलात ‘मंडळी’ आणि ‘वडील’ हे शब्द आहेत, कॅथलिक मंडळी ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. टिंडल आणि मोर यांचा वाद आपल्या दोन शब्दांत असा शेजारी शेजारी नांदतो आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अडाणी बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. छापण्याचे काम मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच केले. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० मध्ये आपल्या भाषांतराला ‘सुबोध बायबल’ हे नाव दिले, त्या ‘सुबोध’ शब्दातही तीच तळमळ आहे.

आम्ही धर्मपंडित नव्हे. कोणता अर्थ खरा, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. वाचता येऊ लागले की माणसे एकमत होतात, असाही आमचा अनुभव नाही. उलट भांडणे वाढतात. परंतु ती भांडणे मजकूर समोर ठेवून होतात, आणि कोणाच्या सांगण्यावर आंधळेपणाने सही करण्याची पाळी येत नाही. त्या भत्त्याचे पैसे कामगारांना कधीच मिळाले नाहीत. आमच्या संघटनेत मात्र तेव्हापासून नियम आहे, की कोणताही करार आधी मराठीत द्वारसभेत मोठ्याने वाचायचा, शंका विचारायला एक दिवस द्यायचा, आणि मगच सही करायची. पहिल्या वेळी सर्वांत अवघड शंका विचारली ती झाडूकाम करणाऱ्या एका बाईने. तिची शंका बरोबर होती. ते कलम आम्हांला बदलून घ्यावे लागले.