मक्याचे रानटी सगेसोयरे

मोशीच्या प्रदर्शन केंद्रात डिसेंबरात शेतीप्रदर्शन भरते, तेव्हा मक्याच्या दालनापाशी एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो : यातलेच बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर? उगवेल, पण पीक एकसारखे येणार नाही. संकराचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. म्हणून पिशवी दरवर्षी विकत घ्यायची.

यातून सुटण्याची एक वाट अमेरिका खंडातल्या एका गवतात आहे. ट्रिप्सॅकम ही मक्याच्या जवळच्या नात्यातली बहुवर्षायू प्रजाती. तिच्या एकाच तुऱ्यात खाली मादी फुले, वर नर. मक्यात मात्र तुरा शेंड्याला आणि कणीस पेराशी. मक्याच्या गुणसूत्रांच्या १० जोड्या, ट्रिप्सॅकमच्या १८. तरीही दोघांचा संकर होतो. मँगल्सडॉर्फ आणि रीव्ह्ज यांनी तो घडवला आणि टिओसिंटे हे रानगवत अशाच संकरातून जन्मले, असे १९३९ साली मांडले. जॉर्ज बीडल यांच्या मते टिओसिंटे हाच मक्याचा पूर्वज. पुढे जनुकशास्त्राने बीडलना खरे ठरवले.

ट्रिप्सॅकमची खरी करामत वेगळीच. गुणसूत्रांचे चार संच असलेल्या त्याच्या झाडांत भ्रूण बहुधा फलनाशिवायच, निव्वळ आईच्या गुणसूत्रांवर तयार होतो. परागकण लागतो तो बियातल्या पोषक भागापुरता. म्हणजे हे बियांतून मिळणारे कलमच! हा गुण मक्यात आला, तर संकरित बी घरी राखता येईल. मेक्सिकोतल्या ‘सिमिट’ संस्थेत १९९०च्या दशकात फ्रेंच संशोधकांसह त्यासाठी मोठा खटाटोप झाला. पण मक्याशी पुन्हापुन्हा संकर करताना हा गुण टिकवून भरघोस दाणा मिळवणे जमले नाही. बियाणे विकणाऱ्यांना ही वाट कितपत रुचेल, हा प्रश्न निराळा.

आपल्याकडेही मक्याचे म्हणवले जाणारे नातलग आहेत. इंद्रायणीकाठच्या ओलीत उगवणारी कसई त्यांतली. तिच्या टणक मण्यांना आरपार भोक आयतेच असते, दोरा ओवला की माळ तयार. दुसरे, ट्रायलोबॅक्ने कुकी हे पश्चिम घाटातले एकवर्षायू गवत. त्याच्या नावातले कुक म्हणजे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक. नर-मादी फुले वेगळी, म्हणून या सर्वांना पूर्वी मक्याच्याच गटात बसवत. डीएनएच्या तपासणीत हे नाते पातळ निघाले. कसईपेक्षा ट्रिप्सॅकम मक्याला कितीतरी जवळचे.

मोशीकडे नदीचा उतार भराव टाकून सपाट केला, की कसई आधी जाते. तिला पाय ओले लागतात.