विझल्यानंतरचा धूर

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, मंदिरातील शास्त्रभांडार उघडले जाते. ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात, जुनी वेष्टने उतरवून नवी चढविली जातात, जिनवाणीची पूजा होते. घरोघरीचे ग्रंथही या निमित्ताने कपाटाबाहेर येतात. अशा वेळी एखाद्या घरातील स्वाध्यायाची पोथी उघडली, की जुन्या कागदाच्या आणि कापडाच्या ओळखीच्या वासाखाली आणखी एक वास नाकाला जाणवतो. तो विडीचा किंवा सिगारेटचा असतो. ओढणारा त्या क्षणी घरात नसतो; कधी कधी तर तो हयातही नसतो. पोथीला मात्र त्याची सवय चिकटून राहिलेली असते.

या वासाकडे घरातील माणसे सहसा दुर्लक्ष करतात. ‘नुसता वास तर आहे’ असे म्हटले जाते. जणू वास म्हणजे काहीच नव्हे. जैन तत्त्वज्ञानाला हे म्हणणे मान्य होणार नाही. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे लक्षण सांगताना स्पर्श, रस आणि वर्ण यांच्याबरोबर गंधाचीही गणना केली आहे. गुण द्रव्यावाचून राहत नाही. जेथे गंध आहे, तेथे तो धारण करणारे पुद्गल आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे तो संपला असे नव्हे. त्याचे स्थूल रूप गेले, सूक्ष्म रूप घरातच राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

आधुनिक रसायनशास्त्र आज हेच वेगळ्या भाषेत सांगत आहे. जळत्या तंबाखूच्या धुरात हजारो रसायने असतात. त्यांपैकी काही वायुरूपाने उडून जातात. पण निकोटिन आणि डांबरासारखे चिकट घटक भिंतीचा रंग, पडदे, गादीतील कापूस, लाकूड, कागद, अंगावरची लोकर अशा मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात. बसून स्वस्थही राहत नाहीत. ऊब मिळाली किंवा हवा दमट झाली, की त्यांतील काही अंश पुन्हा हवेत येतो, दुसऱ्या वस्तूवर बसतो, धुळीत मिसळतो. म्हणून पावसाळ्याच्या पहिल्या दमट दिवसांत, वर्षभर न जाणवलेला वास एकाएकी खोलीत भरून राहतो. ओढणाऱ्याचा धूर पहिला, शेजारी बसलेल्याच्या छातीत जाणारा दुसरा, आणि वस्तूंवर बसून राहणारा हा तिसरा. ‘थर्डहँड स्मोक’ हे त्याचे इंग्रजी नाव २००९ साली ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकातील एका लेखानंतर सर्वतोमुखी झाले.

त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी या तिसऱ्या धुराची अधिक चिंताजनक बाजू दाखविली. पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा घरातील हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग झाला, की नायट्रोसामाइन जातीची संयुगे तयार होतात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक म्हणून ज्ञात आहेत. हे नायट्रस आम्ल कोठून येते? गॅसच्या शेगडीतून, वाहनांच्या धुरातून. म्हणजे अगदी साध्या, नेहमीच्या घरातून. प्रत्यक्ष धुराने होणारे आजार जितके निःसंशय सिद्ध झाले आहेत, तितका या तिसऱ्या धुराचा परिणाम अद्याप मोजला गेलेला नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु जे मोजले गेले आहे, तेच एखाद्या विवेकी गृहस्थाला थांबून विचार करावयास लावील इतके आहे.

उदाहरणार्थ, ‘घरात ओढत नाही, बाहेर जाऊन ओढतो’ हे नेहमीचे समर्थन. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००४ साली तान्ह्या बाळांच्या घरांची तपासणी प्रसिद्ध केली. धूम्रपान न करणाऱ्यांच्या घरांपेक्षा, बाळाच्या काळजीने बाहेर जाऊन ओढणाऱ्यांच्या घरांतही तंबाखूच्या अंशांचा संसर्ग कित्येक पटींनी अधिक आढळला. घरात बिनदिक्कत ओढणाऱ्यांच्या मानाने तो कमी होता, हे खरे. पण दार ओलांडले की धूर बाहेरच राहतो, ही समजूत टिकली नाही. त्याच शहरात पुढे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूम्रपान करणारे कुटुंब सोडून गेल्यावर सरासरी दोन महिने रिकामी राहिलेली आणि नव्या बिऱ्हाडासाठी साफसफाई केलेली घरेही निकोटिनपासून मुक्त झाली नव्हती. नवे रहिवासी स्वतः ओढत नव्हते. तरी त्यांच्या बोटांवर ते सापडले. जर्मनीतील माइन्झ शहरात तर धूम्रपानाला पूर्ण बंदी असलेल्या चित्रपटगृहाची हवा तपासण्यात आली. प्रेक्षक आत आले, की त्यांच्या कपड्यांवरून आणि अंगावरून धुरातील रसायने हवेत उतरत होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, काही रसायनांच्या बाबतीत हे प्रमाण तासाभरात एक ते दहा सिगारेटींच्या परक्या धुराइतके भरले.

आता हे सारे एका घरापुरते पाहावे. आप्पा सकाळची विडी अंगणात, नाहीतर गॅलरीत ओढून येतात, चूळ भरतात आणि नातवाला मांडीवर घेतात. त्यांच्या मायेत तिळमात्र खोट नाही. परंतु ज्या उपरण्यात बाळ तोंड खुपसते, ज्या बंडीचे टोक ते चोखते, ती धुराने भिजलेली असते. रांगणारे मूल जमिनीशी सर्वांत जवळ असते. हाताला लागेल ते तोंडात घालणे हाच त्याचा जग जाणून घेण्याचा मार्ग असतो. मोठ्या माणसाच्या मानाने त्याचे वजन थोडे, श्वास जलद आणि पोटात जाणारी धूळ अधिक. सुनेला हे दिसत असते. पण सासऱ्यांना ती कोणत्या तोंडाने सांगणार? बहुतेक घरांत हा विषय वर्षानुवर्षे याच ठिकाणी अडून राहतो, आणि बोलावयाचे ते मुलाने बोलावे लागते. ‘आप्पा, पूजेला जाताना तुम्ही कपडे बदलता ना, तसे बाळाला घेण्यापूर्वीही बदलत जा,’ एवढे नम्रपणे म्हटले, तरी पुष्कळ वडीलधारी माणसे ते ऐकतात. सोवळ्याचा अर्थ त्यांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

भारतातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ साली झाली, तीत शेकडा ३८.७ प्रौढांना घरातच परक्या धुराला सामोरे जावे लागते असे दिसून आले. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर देशभर कडक बंदी आली. परंतु घराचा उंबरठा कायद्याच्या बाहेर राहिला. तेथे चालावयाचा तो घरचा आचारच.

जैन समाजात या प्रश्नाला एक वेगळे वळण आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. समाजात धूम्रपान उघडपणे शोभत नाही. म्हणून जे ओढतात ते लपून ओढतात. लपण्याची जागा म्हणजे न्हाणीघर, जिन्याखालची कोंदट खोली, दुकानामागचे गोदाम, काचा वर केलेली मोटार. प्रतिष्ठा राखण्यासाठी निवडलेल्या या जागा नेमक्या बंदिस्त असतात. धुराला बाहेर पडावयास वाट नसते आणि तो सारा वस्तूंत मुरतो. त्याच मोटारीतून दुसऱ्या दिवशी कुटुंब कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनाला जाते. त्याच न्हाणीघरात पूजेची धोतरे वाळत पडतात. वास झाकण्यासाठी मग उदबत्ती लावली जाते. म्हणजे एका धुरावर दुसरा धूर. उदबत्तीने आधीचा कण एकही जात नाही, फक्त नाक फसते. ओढणाऱ्याचे नाक तर आधीच फसलेले असते, कारण सतत सान्निध्यात असलेल्या गंधाची जाणीव घ्राणेंद्रिय सोडून देते. मुंगीलाही लाभलेले हे तिसरे इंद्रिय माणसाने स्वतःच बोथट करून घ्यावे, ही गमतीची नव्हे, खेदाची गोष्ट आहे.

क्वचित कोणी वादासाठी विचारतो, की सप्तव्यसनांत तंबाखू कोठे आहे? जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सात नावे श्रावकाला पाठ असतात. त्यांत तंबाखू नाही, हे खरेच. ते असणे शक्यही नव्हते. तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. पोर्तुगीजांबरोबर ते भारताच्या किनाऱ्यावर आले, दख्खनमध्ये रुजले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या सरदाराने विजापूरहून नेलेला तंबाखू अकबराच्या दरबारात नवलाची वस्तू म्हणून सादर झाला. त्याच्या कित्येक शतके आधी श्रावकाचार लिहिणाऱ्या आचार्यांनी त्याचे नाव कसे घ्यावे? नाव घेतले नाही. पण जागा मात्र नेमकी दाखवून ठेवली आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतील प्रमादचर्येत निष्प्रयोजन अग्नी पेटविणे आणि निष्प्रयोजन वायुकायाची विराधना करणे स्पष्टपणे येते. स्वयंपाकाच्या अग्नीला प्रयोजन आहे. विडीच्या अग्नीला कोणते प्रयोजन सांगता येईल? आणि ज्याने काहीच मागितले नाही, त्या तान्ह्या जिवाच्या श्वासात तो धूर जातो, तेव्हा प्रश्न अनर्थदंडाच्याही पुढे जाऊन थेट अहिंसाणुव्रताशी येऊन ठेपतो.

निपाणी आणि सीमाभागातील वाचकांना हा विषय बोचणारा वाटेल. तेथील काळ्या रानांत विडीचा तंबाखू पिकला, त्यावर घरे उभी राहिली, मुले शिकली. वखारीचा उग्र दर्प लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या माणसाला घरातील धुराचे काय वाटावे? पिकाचा आणि पोटाचा तो प्रश्न मोठा आहे आणि येथे ओझरता उल्लेख करून सुटणारा नाही.

मुनिसंघ गावात आला, की आहारदानासाठी चौका लावला जातो. दाता पडगाहन करतो आणि नवधाभक्तीत मन, वचन, काय तसेच आहार आणि जल शुद्ध असल्याचे स्वमुखाने सांगतो. चौक्यासाठी भांडी वेगळी, पाणी गाळलेले, धान्य निवडलेले, वस्त्रे धुतलेली. इतकी दक्षता घेणाऱ्या घरात शेजारच्या खोलीच्या पडद्याला महिन्यामहिन्यांचा धूर चिकटलेला असेल, तर कायशुद्धीचा तो उच्चार करताना दात्याचा आवाज किंचित अडखळावा, असे वाटते.

मुरलेला धूर काढता येतो का? बहुतांशी येतो, पण कष्टाने, आणि घरातील शेवटची विडी विझल्यानंतरच. त्यापूर्वी केलेली स्वच्छता म्हणजे गळत्या घागरीत पाणी भरणे. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ असल्यामुळे पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसल्यास तो अधिक सुटतो. भिंती आधी साबणाच्या आणि मग या पाण्याने पुसाव्यात. न धुता त्यांवर नवा रंग दिला, तर काही दिवसांत पिवळे डाग आणि वास दोन्ही वर येतात. रंगाऱ्याला सांगून आधी डाग रोखणारा प्रायमर लावून घ्यावा. पडदे, चादरी, अभ्रे दोन-तीनदा धुवावे लागतात. कापसाच्या गादीची खोळ टाकून द्यावी, कापूस उन्हात पसरून पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा. जुनी फोमची गादी मात्र क्वचितच निर्मळ होते, तिचा मोह सोडलेला बरा. रेशमी शालू आणि लोकरीच्या शाली जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्याव्यात आणि ओढणाऱ्याच्या कपड्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवाव्यात. पंख्याची पाती, एसीची जाळी, दिव्यांचे घुमट या विसरल्या जाणाऱ्या जागा. बाजारात वास घालविणारी ओझोनची यंत्रे मिळतात. ओझोन फुप्फुसाला घातक आहे आणि निकोटिनशी त्याचा संयोग होऊन नवी त्रासदायक द्रव्ये तयार होतात, म्हणून राहत्या घरात ती वापरू नयेत.

ग्रंथांना पाणी लावता येत नाही. त्यांची पाने कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावीत, जुने वेष्टन काढून टाकावे आणि ग्रंथ झाकणाच्या डब्यात, एका वाटीतील कोळशाशेजारी, कोळसा कागदाला लागणार नाही अशा बेताने काही आठवडे ठेवावेत. वास उतरतो. हस्तलिखित असेल, तर घरी प्रयोग न करता भांडाराच्या व्यवस्थापकांमार्फत जाणकारांना दाखवावे.

सोडण्याची इच्छा असणाऱ्याला दशलक्षण पर्वाइतका अनुकूल काळ दुसरा नाही. अनेक श्रावक त्या दहा दिवसांचा नियम घेतात. तंबाखू सोडल्यावर शरीराची तगमग पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि पुढे काही आठवड्यांत ओसरते. म्हणजे दहा दिवसांच्या नियमाने सर्वांत अवघड चढ पार झालेला असतो. अकराव्या दिवशी पुन्हा पायथ्याशी उतरावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. भाद्रपदात आभाळ भरलेले असते, त्यामुळे त्या दिवसांत भिंती, फरशी आणि कपाटे तेवढी पुसून घ्यावीत. गाद्या आणि रजयांना आश्विनातील उघडीप मिळेपर्यंत थांबावे. त्यांना चार-पाच दिवसांचे कडक ऊन लागते.