कार्लकाकाचं गणगोत

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ओश्कोश नावाचं गाव आहे. तिथल्या तयार कपड्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक कार्ल लेमली याचं पगारावरून मालकाशी बिनसलं आणि १९०६ च्या सुरुवातीला तो नोकरी सोडून शिकागोत आला. मालक बायकोचा काका, त्यामुळे परतीची वाटही बंद. वय ३९, अंगापिंडाने ठेंगणा, इंग्रजीला जर्मन हेल, गाठीला नोकरीतली शिल्लक. सिनेमा त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. पाच-दहा सेंटांत वस्तू मिळतील असं स्वस्त दुकान टाकावं, एवढाच बेत. जागा शोधत फिरताना त्याला एका निकलोडियनबाहेर रांग दिसली. पाच सेंटांचं नाणं द्यायचं आणि बाकड्यावर बसून घटकाभर हलती चित्रं पाहायची, असा तो धंदा. लेमली रस्त्यावर उभा राहून आत जाणारी माणसं मोजत राहिला, असं सांगतात. माणूस मुळातला हिशेबनीस, तेव्हा ही गोष्ट खरी मानायला माझी हरकत नाही.

२४ फेब्रुवारी १९०६ रोजी मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूवर त्याचं ‘व्हाइट फ्रंट’ थिएटर उघडलं. नावाप्रमाणे दर्शनी भाग पांढराशुभ्र. निकलोडियन म्हणजे अंधारी, कोंदट, टवाळांची जागा अशी तेव्हा ख्याती होती आणि बायका-मुलं आत शिरायला कचरत. आई आली की सारं घर येतं, हे कपड्याच्या दुकानात बारा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. फिल्म भाड्याने देणारे दलाल वेळेवर माल देईनात, म्हणून त्याच वर्षी त्याने स्वतःच फिल्म भाड्याने द्यायचा व्यवसाय सुरू केला. रॉबर्ट कॉक्रन हा जाहिरातींचा जाणकार भागीदार सोबत होताच.

हा लेमली जन्मला १७ जानेवारी १८६७ रोजी, दक्षिण जर्मनीतल्या लाउपहाइम या लहानशा गावी, ज्यू कुटुंबात. लहानपणीच कागद-लेखनसामग्रीच्या दुकानात उमेदवारीला लागला, १८८३ मध्ये आई गेली आणि पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, तो अमेरिकेच्या बोटीत बसला. थोरला भाऊ आधीच शिकागोत होता. पुढची दहा वर्षं पडेल ते काम करण्यात गेली.

त्याची खरी परीक्षा १९०८ च्या डिसेंबरात सुरू झाली. थॉमस एडिसनच्या पुढाकाराने बायोग्राफ, व्हायटाग्राफ, पाथे अशा बड्या कंपन्यांनी आपापली पेटंट एकत्र करून एक मंडळ उभारलं. लोक त्याला ‘ट्रस्ट’ म्हणत. कॅमेरा त्यांचा, प्रोजेक्टर त्यांचा, कच्ची फिल्मही त्यांच्याच परवान्याने. दर थिएटरवाल्याने आठवड्याला दोन डॉलर भरायचे. लेमलीने काही महिने निमूट परवाना घेतला, पण १९०९ च्या एप्रिलमध्ये तो बाहेर पडला. ट्रस्टचा माल बंद झाल्यावर भाड्याने द्यायला फिल्म कुठून आणणार? म्हणून त्याने निर्मिती सुरू केली. त्याच्या ‘आयएमपी’ कंपनीचा पहिला चित्रपट ‘हायावाथा’ त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. दुकानाच्या फळ्या रिकाम्या राहू नयेत, हे कारण. चित्रपटसृष्टीच्या इतिहासात हे प्रांजळपणे फारसं लिहिलं जात नाही.

मग खटले. त्याच्यावर २८९ खटले भरले गेले, हा आकडा पुस्तकांत वारंवार भेटतो. सगळ्यांत गमतीचा वाद होता एका ढिल्या वेटोळ्याचा. फिल्म कॅमेऱ्यातून थांबत-थांबत सरकते. तिला थोडा ढील ठेवला नाही तर हिसक्याने ती फाटते. या ढिलाईचंही पेटंट होतं, ‘लॅथम लूप’ नावाचं. १९१२ मध्ये कोर्टाने ते रद्द ठरवलं आणि ट्रस्टच्या हातातलं मोठं हत्यार बोथट झालं. १९१५ मध्ये सरकारनेच भरलेल्या खटल्यात ट्रस्ट बेकायदा ठरला. तोवर कॉक्रन व्यंगचित्रांतून ट्रस्टची मनसोक्त टर उडवत होता. दोन डॉलरांनी गांजलेल्या थिएटरवाल्यांना ती चित्रं न आवडती तरच नवल.

कॉक्रन-लेमली जोडगोळीची दुसरी करामत फ्लॉरेन्स लॉरेन्सची. बायोग्राफ कंपनी आपल्या नटनट्यांची नावं जाहीर करत नसे. फ्लॉरेन्स ही तिथली नटी; प्रेक्षक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणत. लेमलीने तिला आपल्याकडे ओढलं. १९१० च्या मार्चमध्ये त्याने जाहिरात दिली, की ट्रामखाली सापडून ती मेल्याची आवई विरोधकांनी सेंट लुइसमध्ये उठवली आहे, ती धादांत खोटी आहे. मग तिला सेंट लुइसला नेऊन लोकांसमोर उभं केलं. आवई लेमलीनेच उठवली, असा समज आजही आहे. कुणीही उठवलेली असो, फायदा कुणाला झाला ते उघड आहे. नटीचं नाव विकता येतं, हे सगळ्या धंद्याला कळून चुकलं, आणि नंतर त्याच नावांच्या पगारांनी निर्मात्यांना घाम फोडला.

१९१२ मध्ये लेमली आणि इतर काही निर्मात्यांनी मिळून युनिव्हर्सल कंपनी काढली. भागीदारांच्या भांडणांत पॅट पॉवर्ससारखा खमका गडी असूनही, एकेकाला बाजूला सारत लेमलीच टिकून राहिला. १५ मार्च १९१५ रोजी लॉस एंजेलिसजवळ २३० एकरांवर ‘युनिव्हर्सल सिटी’चं उद्घाटन झालं. पंचवीस सेंट भरून चित्रीकरण पाहायची सोय त्याने केली. बोलपट आल्यावर गोंगाटामुळे ती बंद पडली. लोइस वेबरसारख्या स्त्रिया तिथे दिग्दर्शन करत होत्या, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे युनिव्हर्सलने १९१६ मध्येच एजन्सी उघडली. हॉलिवूडच्या कंपन्यांत ती पहिली. याच कंपनीचा १९२९ चा अर्धवट बोलका ‘शो बोट’ मुंबईच्या एक्सेलसियरमध्ये निर्माते अर्देशीर इराणींनी पाहिला आणि बोलपटाची कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये त्यांचा बोलपट ‘आलम आरा’ लागला.

युनिव्हर्सलमध्ये सगळे लेमलीला ‘अंकल कार्ल’ म्हणत, आणि कित्येकांचा तो खरोखर काका-मामा लागत असे. भाचे, पुतणे, गाववाले, त्यांचे मेहुणे असे सगळे पगारपत्रकावर. हॉलिवूडने त्याची यथेच्छ चेष्टा केली. पण याच वाटेने आईच्या नात्यातला विल्यम वायलर आला आणि मोठा दिग्दर्शक झाला. नात्याचा नसलेला हुशार सेक्रेटरी आयर्विंग थालबर्ग मात्र विशीत स्टुडिओ सांभाळून दाखवून पुढे लुई मेयर या दुसऱ्या निर्मात्याकडे निघून गेला. मग लेमलीने निर्मितीची सूत्रं विशीतल्या मुलाच्या हाती दिली. मुलाने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळवून दिलं, ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकनस्टाइन’ दिले, आणि पैसाही सढळ हाताने उधळला. मंदीच्या काळात कर्ज काढून ‘शो बोट’ नव्याने करायला घेतला. कर्ज देणाऱ्यांच्या हाती स्टुडिओ विकत घ्यायचा हक्क होता. तो त्यांनी मार्च १९३६ मध्ये वापरला. ‘शो बोट’ दोन महिन्यांनी लागला आणि चांगला चालला, पण तोवर लेमलींचं काही उरलं नव्हतं.

‘ऑल क्वाएट’ डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला, तेव्हा नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर आणि दुर्गंधीचे गोळे सोडले. आठवडा उलटायच्या आत बंदी आली. पहिल्या महायुद्धानंतर ज्या लाउपहाइमला लेमलीने मदत पाठवली, तिथल्या रस्त्यावरचं त्याचं नाव पुढे नाझींनी पुसलं.

स्टुडिओ गेला, तरी गणगोत पोसायची खोड गेली नाही. नाझी जर्मनीतून निसटू पाहणाऱ्या ज्यू माणसाला अमेरिकेचा व्हिसा हवा, तर तिथल्या कुणीतरी हमीपत्र द्यावं लागे: हा माणूस सरकारवर भार होणार नाही, झालाच तर मी पोसेन. लेमली अशी हमीपत्रं देत सुटला. आधी नातेवाईक, मग लाउपहाइमवाले, मग ज्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं असे लोक. ती संख्या तीनशेच्या वर गेली. या वयात एवढ्यांची हमी एकटा माणूस कशी निभावणार, अशी शंका अमेरिकी अधिकारी काढू लागले. हिशेबाने पाहता शंका रास्त होती. सत्तरी उलटलेली, प्रकृती नाजूक. लेमली हुज्जत घालत राहिला, आणि ओळखीच्या पैसेवाल्यांनीही अशी हमीपत्रं द्यावीत म्हणून त्यांच्या मागे लागला. २४ सप्टेंबर १९३९ रोजी तो गेला, तेव्हा युरोपात युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.