ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील युवा खेळाडूंची तुलना आणि त्यांची निवडक्षमता : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आजच्या कामगिरीवरून त्याच्या पुढील दहा वर्षांचे भाकीत करता येते काय, हा प्रश्न शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिन्ही विद्याशाखांशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा प्रश्न दरवर्षी वर्षअखेरीस प्रत्यक्ष निर्णयाच्या स्वरूपात उभा राहतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील अठरा क्लब त्या वेळी देशभरातील युवा खेळाडूंमधून आपापल्या पसंतीचे खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात. या प्रक्रियेस 'ड्राफ्ट' असे म्हणतात. ड्राफ्टपूर्वी युवा खेळाडूंची तुलना कोणत्या निकषांवर केली जाते, त्या निकषांच्या मर्यादा कोणत्या आणि निवडीचा क्रमांक हा गुणवत्तेचा निदर्शक मानता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. खेळाचे स्वरूप आणि ड्राफ्टची पार्श्वभूमी :

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा लंबवर्तुळाकार मैदानावर, प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांत, चार सत्रांमध्ये खेळला जाणारा खेळ आहे. मैदानाच्या प्रत्येक टोकास चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार केल्यास सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो. चेंडू लाथेने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सहकाऱ्याकडे ढकलता येतो. लाथेने मारलेला चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी झेलला तर त्यास 'मार्क' म्हणतात. त्यामुळे या खेळात धावपटूची दमछाट सोसण्याची क्षमता, उंच उडी, शरीरबळ आणि क्षणार्धात निर्णय घेण्याची बुद्धी यांचा एकत्र कस लागतो.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ मध्ये झाला. दीर्घकाळ या लीगमध्ये भौगोलिक विभागांची पद्धत होती. ज्या विभागात खेळाडू राहतो त्या विभागाच्या क्लबचा त्याच्यावर हक्क असे. साहजिकच समृद्ध विभाग लाभलेले क्लब बलवान राहत. ही विषमता कमी करण्यासाठी १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट घेण्यात आला. १९९० मध्ये लीगचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे झाले. ड्राफ्टचे मूलतत्त्व साधे आहे : हंगामात सर्वांत तळाशी राहिलेल्या क्लबला निवडीचा पहिला हक्क मिळतो. खेळाडूस मात्र क्लब निवडण्याचा हक्क नसतो. मेलबर्नच्या मुलास पर्थच्या क्लबने निवडले, तर अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर जाऊन त्यास नवे आयुष्य सुरू करावे लागते. म्हणून ड्राफ्टपूर्वीची तुलना ही केवळ क्रीडारसिकांच्या चर्चेची बाब राहत नाही. तिच्यावर क्लबचे भवितव्य आणि एका तरुणाचे जीवनमान अवलंबून असते.

२. तुलनेची प्रचलित साधने :

युवा खेळाडूंचे मूल्यमापन प्रामुख्याने तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग प्रत्यक्ष निरीक्षणाचा. क्लबांचे निवडतज्ज्ञ अठरा वर्षांखालील राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा, तसेच व्हिक्टोरियामध्ये १९९२ पासून सुरू असलेली आणि २०२३ पासून 'टॅलेंट लीग' या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा वर्षभर पाहतात. दुसरा मार्ग आकडेवारीचा. खेळाडूने चेंडू किती वेळा मिळवला, किती अचूक पुढे दिला, गर्दीतून किती वेळा बाहेर काढला, किती प्रतिस्पर्ध्यांना पकडून रोखले, या सर्वांच्या नोंदी ठेवल्या जातात. तिसरा मार्ग शारीरिक चाचण्यांचा. निवडक खेळाडूंना एकत्र बोलावून वीस मीटर वेगधाव, उभी उडी, चपळता आणि दमश्वास यांच्या चाचण्या घेतल्या जातात. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीही होतात. वीस मीटरची धाव तीन सेकंदांच्या आत पूर्ण करणे चांगले समजले जाते.

ही साधने उपयुक्त असली तरी प्रत्येकाची कक्षा मर्यादित आहे. वीस मीटरची सरळ धाव वेग मोजते. परंतु कोणत्या क्षणी धावायचे, हे जाणण्याची बुद्धी मोजत नाही. आकडेवारीच्या बाबतीत अडचण निराळी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातील एखादा होतकरू मुलगा प्रौढांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत खेळत असेल, तर तेथे त्यास चेंडू कमी वेळा मिळतो. त्याच वेळी व्हिक्टोरियातील त्याच्या वयाचा मुलगा समवयस्कांत खेळून दुप्पट वेळा चेंडू मिळवू शकतो. दोघांचे आकडे शेजारी मांडले, तर तुलना खेळाडूंची न होता स्पर्धांची होते.

३. वय आणि परिपक्वता :

तुलनेतील सर्वांत मूलभूत अडचण वयाची आहे. ड्राफ्टच्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण करणारा खेळाडू पात्र ठरतो. परिणामी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला असे दोन खेळाडू एकाच गटात येतात, जरी त्यांच्या वयात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असले तरी. या वयात एका वर्षात वजन, स्नायूंची ताकद आणि आत्मविश्वास यांत मोठा फरक पडतो. क्रीडाशास्त्रात यास 'सापेक्ष वयाचा परिणाम' म्हणतात. वर्षाच्या पूर्वार्धात जन्मलेले खेळाडू युवा निवडींमध्ये प्रमाणाबाहेर आढळतात, ही बाब अनेक खेळांप्रमाणे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अभ्यासातही दिसून आली आहे. येथे परिपक्वता हीच प्रतिभा समजली जाण्याचा धोका संभवतो.

मैदानातील भूमिकेनुसारही परिपक्वतेचा वेग बदलतो. मध्यरक्षेतील चपळ खेळाडू पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मोठ्या सामन्यांत तग धरू शकतो. याउलट उंच खेळाडूंचे, विशेषतः पंचाने उडवलेला चेंडू उडी घेऊन आपल्या संघाकडे वळवणाऱ्या 'रक' खेळाडूचे शरीर भरण्यास अनेक वर्षे लागतात. २००९ चा ड्राफ्ट या दृष्टीने बोलका आहे. मेलबर्न क्लबकडे त्या वर्षी पहिले दोन्ही क्रमांक होते. त्यांनी टॉम स्कली आणि जॅक ट्रेनगोव्ह यांना निवडले. स्कली दोन हंगामांनंतर दुसऱ्या क्लबकडे गेला. ट्रेनगोव्ह अगदी तरुण वयात सहकर्णधार झाला, परंतु दुखापतींनी त्याची वाटचाल खुंटली. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच क्लबने चौतिसाव्या क्रमांकावर मॅक्स गॉन हा उंच रक खेळाडू घेतला होता. २०२१ मध्ये मेलबर्नने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा संघाचा कर्णधार गॉन होता.

४. २००१ चा ड्राफ्ट : एक उदाहरण :

तुलनेचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी २००१ च्या ड्राफ्टइतके समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल. त्या वर्षी ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड ही तीन नावे अग्रभागी होती. पहिला क्रमांक मुळात फ्रीमँटल क्लबचा. परंतु ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन या खेळाडूंच्या मोबदल्यात त्या क्लबने पहिला, विसावा आणि छत्तिसावा असे तीन क्रमांक हॉथॉर्नला दिले. हॉथॉर्नने हॉजला, सेंट किल्डाने बॉलला आणि वेस्ट कोस्टने जडला निवडले. जडच्या खांद्यांच्या दुखापतींविषयी त्या वेळी साशंकता होती.

पुढील इतिहास पाहता या तिघांपैकी कोण श्रेष्ठ, हे ठरवणे आजही सोपे नाही. जडने उत्कृष्ट खेळाडूस मिळणारे ब्राउनलो पदक २००४ आणि २०१० मध्ये जिंकले व २००६ मध्ये वेस्ट कोस्टचा अजिंक्यपद विजेता कर्णधार होण्याचा मान मिळवला. हॉजला ब्राउनलो पदक कधीच मिळाले नाही. मात्र २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशा चार अजिंक्यपदांत तो होता, त्यांपैकी तीन वेळा कर्णधार होता आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक त्याने दोनदा पटकावले. बॉलने सेंट किल्डाचे नेतृत्व केले आणि पुढे कॉलिंगवूडकडून २०१० चे अजिंक्यपद मिळवले. वैयक्तिक तेज हा निकष घेतला तर जड, संघाचे यश हा निकष घेतला तर हॉज पुढे ठरतो. निकष बदलताच क्रम बदलतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

याच ड्राफ्टमधून पुढे एकूण पाच खेळाडू ब्राउनलो पदकाचे मानकरी झाले. त्यांचे निवडक्रमांक पाहिले तर जड तिसरा, जिमी बार्टेल आठवा, सॅम मिचेल छत्तिसावा, गॅरी ॲब्लेट कनिष्ठ चाळिसावा आणि डेन स्वॉन अठ्ठावन्नावा होता. मिचेल ज्या क्रमांकावर निवडला गेला, तो फ्रीमँटलने देऊन टाकलेल्या क्रमांकांपैकीच एक होता. ॲब्लेटच्या बाबतीत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. वडील ज्या क्लबकडून खेळले त्या क्लबला मुलास घेण्याचा अग्रहक्क देणाऱ्या 'पिता-पुत्र' नियमाखाली जिलाँगने त्यास घेतले होते. त्याचा चाळिसावा क्रमांक म्हणजे इतर क्लबांनी केलेले त्याचे मूल्यमापन नव्हे.

५. निवडक्रमांकाचा अर्थ :

वरील उदाहरणांवरून ड्राफ्टचा क्रमांक निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. पिता-पुत्र नियमासाठी आणि क्लबांच्या प्रबोधिनींतील खेळाडूंसाठी २०१५ मध्ये लीगने क्रमांकांचे गुणमूल्य ठरवणारा तक्ता लागू केला. त्यात पहिल्या क्रमांकास ३०००, दुसऱ्यास २५१७, दहाव्यास १३९५ आणि विसाव्यास ९१२ गुण होते. पुढे या तक्त्यात सुधारणा झाली. वरच्या क्रमांकाचा खेळाडू यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते, हे तत्त्व त्यामागे आहे. परंतु शक्यता ही समूहाविषयी बोलते, व्यक्तीविषयी नव्हे. २०११ मध्ये अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेलेला लाकी नील २०२० आणि २०२३ मध्ये ब्राउनलो पदक जिंकतो, तेव्हा तक्ता खोटा ठरत नाही. तक्त्यास ज्याविषयी काहीच म्हणता येत नव्हते, ते एका व्यक्तीने सिद्ध केलेले असते.

शिवाय क्रमांकात क्लबची गरज मिसळलेली असते. ज्या क्लबकडे बचावपटू भरपूर आहेत, तो दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूकडे वळतो. भारतीय वाचकास याचे परिचित उदाहरण २००८ चे आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामापूर्वी एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील खेळाडूंची निवड लिलावाने न होता ड्राफ्ट पद्धतीने झाली. त्या वेळी दिल्लीच्या संघाने विराट कोहलीऐवजी एका डावखुऱ्या गोलंदाजास पसंती दिली आणि कोहली बंगळूरकडे गेला. तेथे दोन खेळाडूंच्या तुलनेइतकाच संघाच्या रचनेचाही विचार झाला होता.

६. क्रमांकाचा मानसिक भार :

तुलनेचा परिणाम तुलना होणाऱ्यावरही होतो. २०१३ मध्ये टॉम बॉइड हा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. एका हंगामानंतर तो मोठ्या करारावर वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात तीन गोल करून क्लबच्या अजिंक्यपदात वाटेकरी झाला. तथापि २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती पत्करली. आपल्या मानसिक अस्वास्थ्याविषयी तो जाहीरपणे बोलला. २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका हंगामातच मेलबर्न सोडून स्वतःच्या ॲडलेड शहरातील क्लबकडे परतला. या घटनांची कारणे एकपदरी नाहीत. तरीही घरापासूनचे अंतर, प्रशिक्षकाचा आधार आणि क्लबमधील वातावरण हे घटक युवा खेळाडूच्या विकासात निर्णायक ठरू शकतात, आणि ड्राफ्टपूर्व चाचणीत त्यांची नोंद कोठेच होत नाही. क्षमता खेळाडूत असते. ती फलद्रूप होणे मात्र खेळाडू आणि संस्था या दोघांवर अवलंबून असते.

निष्कर्ष :

१. युवा खेळाडूंची तुलना समान भूमिका, समान दर्जाची स्पर्धा आणि जन्ममहिना लक्षात घेऊन केली तरच अर्थपूर्ण ठरते.

२. एका वेळच्या कामगिरीपेक्षा दोन-तीन हंगामांतील प्रगतीचा आलेख अधिक विश्वासार्ह असतो. उंच आणि उशिरा परिपक्व होणाऱ्या खेळाडूंबाबत हे विशेषत्वाने खरे आहे.

३. निवडक्रमांक हा शक्यतेचा आणि क्लबच्या गरजेचा संयुक्त निर्देशक आहे. व्यक्तीच्या गुणवत्तेचा तो अंतिम निवाडा नव्हे.

४. निवडीनंतरचे वातावरण हा निवडीइतकाच महत्त्वाचा घटक आहे. म्हणून उत्तम निवड करणाऱ्या क्लबपेक्षा निवडलेल्यास घडवणारा क्लब दीर्घकाळ यशस्वी होण्याची शक्यता अधिक.

अठरा वर्षांच्या तरुणांना क्रमाने उभे करण्याचे काम केवळ फुटबॉल क्लबच करतात असे नाही. दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लागणाऱ्या गुणवत्ता याद्याही तेच करतात. यादी अपरिहार्य असते, कारण जागा मोजक्या असतात. परंतु यादीतील अठ्ठावन्नावा विद्यार्थी वर्गात येऊन बसला की त्याच्याविषयीचे भाकीत संपते आणि अध्यापनाची जबाबदारी सुरू होते, एवढे भान या क्रीडाक्षेत्रीय उदाहरणातून शिक्षणक्षेत्रास घेता येईल.