दिसायला ठणठणीत, मग वर्गात का नाही? जुनाट आजार घेऊन एमए-पीएचडी करणाऱ्यांचं गणित

सोमवारी ती पहिल्या बाकावर असते, प्रश्न विचारते, कॅन्टीनमध्ये हसते-खिदळते. मंगळवारी तिला अंथरुणातून उठून दुधाची पिशवीही कापता येत नाही. बुधवारी सर विचारतात, "काल काय झालं होतं?" खरं उत्तर असतं, "नेहमीचंच." पण ते कुणाला पटत नाही.

ल्यूपस, ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, क्रोन्स, सिकलसेल, टाईप १ मधुमेह. या आजारांची नावं आणि त्रास वेगवेगळे आहेत. पण ताप आला, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, हा हिशोब यातल्या एकालाही लागू पडत नाही. आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण जात नाही. मध्येच उसळतो आणि उसळण्याआधी कळवत नाही. त्यात ल्यूपससारखा आजार बहुतेकदा १५ ते ४५ या वयातच सुरू होतो आणि दर दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात. म्हणजे पदवी, पदव्युत्तर शिक्षण, लग्न, नोकरी हे सगळं ज्या वयात अंगावर येतं, नेमकं तेच वय.

चमच्यांचा हिशोब काय आहे?

अमेरिकेतल्या क्रिस्टीन मिसेरँडिनो यांना ल्यूपस आहे. हा आजार घेऊन जगणं म्हणजे नेमकं काय, असं मैत्रिणीने हॉटेलात विचारल्यावर त्यांनी टेबलांवरचे चमचे गोळा केले आणि तिच्या हातात दिले. हे आजचे १२ चमचे. आंघोळ केली की एक गेला, कपडे घातले की आणखी एक. संपले की दिवस संपला. २००३ मध्ये त्यांनी हे लिहून काढलं आणि 'स्पून थिअरी' जगभर पसरली. ते काही वैद्यकीय मोजमाप नाही, पण समोरच्याला समजावायला तितकं सोपं दुसरं काही सापडत नाही.

आता हेच चमचे पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात द्या. सकाळी बोटं आखडलेली, नळाला पाणी तासभरच, बादल्या भरायच्या, डबा आणायला खाली उतरायचं, पीएमपीत उभ्याने प्रवास. विभागात पोचेपर्यंत अर्धे चमचे गेलेले असतात आणि अभ्यास अजून सुरूच व्हायचा असतो. वेळापत्रकाच्या कितीही चौकटी आखल्या तरी उपयोग होत नाही, कारण तुटवडा वेळेचा नसून ताकदीचा असतो.

बरं वाटतं तो दिवस धोक्याचा का?

खूप दिवसांनी अंग हलकं वाटलं की साठलेलं सगळं एकाच दिवसात उरकायचा मोह होतो. लेखाचा मसुदा, कपडे, बँक, मावशीकडचं हळदीकुंकू. त्याची वसुली पुढच्या दोन-तीन दिवसांत होते. म्हणून थकल्यावर नव्हे, थकण्याआधी थांबायचं. याला 'पेसिंग' म्हणतात. चाळीस मिनिटं वाचन, मग पाठ टेकायची, आणि हे चांगल्या दिवशीही करायचं. ऐकायला सोपं आहे. पण डेडलाईन डोक्यावर असताना आडवं पडून राहायला धीर लागतो, आणि घरात "झोपूनच असते" हे ऐकून घ्यायची तयारीही.

औषधांचाही आठवडा ठरलेला असतो. आर्थरायटिसमध्ये दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात (रोज घेतल्यास ते जीवघेणं ठरू शकतं) आणि दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ, थकवा येतो. म्हणून बरेच जण डॉक्टरांना विचारून शनिवारची रात्र ठरवतात. रविवार औषधाचा, सोमवार वर्गाचा.

कायदा काय देतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहेत. ल्यूपस, क्रोन्स, टाईप १ मधुमेह यांची नावं नाहीत. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांनाच मिळतं. आज ३० टक्के आणि उद्या ८० टक्के अडवणारा आजार या पट्टीने कसा मोजणार, हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात एक दार उघडलं. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा खूप कमी होतं. न्यायालयाने त्याला लेखनिकाचा हक्क दिला आणि वाजवी सोयी मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने लिहिण्यात अडचण असलेल्या, ४० टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी नियमावली काढली. त्यात लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळण्याची तरतूद होती.

पीएचडीसाठी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार सहा वर्षं मिळतात आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. त्यावर अजून दोन वर्षांची सवलत स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आहे. ल्यूपस झालेल्या विद्यार्थिनीला ही सवलत मिळू शकते, पण ती स्त्री म्हणून. तोच आजार असलेल्या, प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला नाही.

मग मागायचं कसं आणि केव्हा?

आजार उसळल्यानंतर आणलेला दाखला उशिराचा असतो. त्यावर बहुधा "पाच दिवस विश्रांतीचा सल्ला" एवढंच लिहिलेलं असतं आणि पाच दिवसांनी विभाग समजतो की झाली बरी. सत्राच्या सुरुवातीलाच तज्ज्ञ डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेणं जास्त उपयोगाचं. आजार दीर्घकालीन आहे, तो अचानक बळावतो, सलग तासभर लिहिता येत नाही, परीक्षेची खोली तळमजल्यावर हवी, हजेरीत सूट लागेल, असं नेमकं त्यात यायला हवं. आजाराचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही. काय अडतं आणि काय हवं, एवढं पुरतं.

गाईडशी तोंडी बोलणं झालेलं असलं तरी अर्ज विभागप्रमुखांच्या नावे लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा. दोन वर्षांत गाईड बदलतात, विभागप्रमुख निवृत्त होतात. मार्चमध्ये हजेरीचा हिशोब निघतो, तेव्हा ऑफिसमधला क्लार्क तोच शिक्का शोधतो.